फोटोतली सावली



सुट्टी संपवून मुलं शाळेत आली की पहिल्या दिवशी मी वर्गात फारसं काही शिकवत नाही. शिकवलं तरी कोणाच्या डोक्यात शिरणार? म्हणून आम्ही गप्पा मारतो. या वेळी नाताळची सुट्टी संपल्यावर मी चौथीच्या वर्गाला विचारलं, "सहलीला कोण कोण गेलं होतं?" निम्मे हात वर झाले.

"फोटो काढले का?"

सगळे हात तसेच वर.

"किती काढले?"

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, मोजले नाहीत. पण खूप!"

"बरं, मग घरी आल्यावर त्यातले पुन्हा किती पाहिले?"

आता मात्र हात एकेक करून खाली आले. एकजण तर हळूच बाकाखालीच गेला.

तुम्हीही हसताय ना? हसा, हसा. पण या बाबतीत तुमच्या बाईंचीसुद्धा तीच गत आहे. नव्हे, थोडी जास्तच वाईट आहे. कशी ते आज सांगते.

आमच्या घरी एक जुना अल्बम आहे. त्यातल्या एका फोटोच्या मागं माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या अक्षरात लिहिलंय, 'लोहगड, डिसेंबर १९९५'. फोटोत माझी आई उभी आहे. तिच्या कडेवर तीन वर्षांची मी, तोंडात बोट घालून. दोघींच्या मागं सपाट माथ्याचा एक भलामोठा डोंगर. आणि समोर वाळक्या गवतावर, थेट आईच्या पायांपर्यंत पोचलेली एक लांबलचक काळी सावली.

ही सावली कोणाची, ओळखलंत? फोटो काढणाऱ्याची! म्हणजे अप्पांची.

तेव्हा कॅमेऱ्यात रोल घालावा लागे. एका रोलमध्ये फोटो ३६. गणपतीत काढलेला पहिला फोटो आणि डिसेंबरातला शेवटचा फोटो एकाच रोलवर असायचा. रोल संपला की स्टुडिओत धुवायला द्यायचा आणि आठवडाभर वाट पाहायची. रोलच्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असे. प्रकाश पडला की त्या क्षारांत बदल होई, पण तो डोळ्यांना दिसत नसे. रसायनात धुतल्यावरच चित्र उमटे. त्यामुळे फोटो आला की बिघडला, हे काढणाऱ्यालाही आठवडाभर कळत नसे. हा फोटो अप्पांच्या हातात ठेवताना स्टुडिओवाले म्हणाले होते, "हा तेवढा बिघडला बघा. तुमची सावली आलीय." अप्पांनी तरीही तो अल्बममध्ये लावला.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो माझ्या फोनमध्ये होते. चकल्या पाडतानाचे, माझ्या लेकीला, चिमूला उटणं लावतानाचे. एके दिवशी तो फोन पाण्याच्या बादलीत पडला. दुरुस्तीवाल्यानं खूप खटपट केली, पण फोन काही उठला नाही. फोटो दुसरीकडे उतरवून ठेवायचं काम मी रोज 'उद्या करू' म्हणून पुढं ढकलत होते. तुम्हाला 'गृहपाठ वेळच्या वेळी करा' असं सांगणारी मीच! चूक सर्वस्वी माझीच होती.

त्यानंतर अप्पा एकदाही मला बोलले नाहीत. फक्त गेल्या डिसेंबरात एकदा अल्बम चाळता चाळता म्हणाले, "लोहगडला जाऊन येऊ या का? त्या जागेवर एकदा उभं राहायचंय."

झालं! आमची सहल ठरली. अप्पा, मी, चिमू आणि माझा भाचा सोनू. चिमू तिसरीत आहे, सोनू आठवीत. सोनू म्हणजे आमच्या घराण्याचा तांत्रिक सल्लागार. "आत्या, तू काही काळजी करू नकोस. तिकीट फोनवर, नकाशा फोनवर, पैसे फोनवर. तू फक्त चालायचं!" असं त्यानं मला आधीच बजावलं होतं. अप्पांनी मात्र जुना फोटो कागदात गुंडाळून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलनं निघालं की लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन मळवली. तिथं उतरून आम्ही आधी भाजे लेणी पाहिली. दोन हजार वर्षांहून जुनी ही लेणी आहेत, एकूण २२. कड्याच्या दगडात कोरलेला तो उंच चैत्य आणि त्याची घोड्याच्या नालासारखी कमान पाहून चिमूचा 'आ' वासलेलाच राहिला. सोनूचा फोन मात्र थांबायला तयार नव्हता. खाटखाट, खाटखाट! चैत्य, चैत्याबरोबर सोनू, सोनूबरोबर चैत्य.

बाजूलाच दगडात कोरलेल्या स्तूपांचा एक समूह आहे. थोडं पुढं गेल्यावर अप्पांनी सहज विचारलं, "काय रे, स्तूप किती होते?"

सोनूनं फोन उघडून फोटो शोधायला सुरुवात केली. एका फोटोत कडेचे स्तूप कापले गेलेले, दुसऱ्यात त्याचंच डोकं मध्ये आलेलं.

"चौदा!" चिमू म्हणाली. तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून तिनं मोजले होते.

खरी गंमत पुढं लोहगडवाडीत आली. गडाच्या पायथ्याशी एका मावशींकडे आम्ही लिंबू सरबत प्यायलो. पैसे द्यायला मी फोन काढला, तर नेटवर्क नाही. चार पावलं पुढं गेले, मागं आले, हात उंच करून पाहिलं. सोनूनंही आपला फोन काढला. नेटवर्क नाहीच, वर बॅटरी फक्त १५ टक्के!

"अरे, सकाळी तर पूर्ण भरलेली होती!" सोनू रडवेला झाला.

दोस्तांनो, असं का होतं माहीत आहे? डोंगरात टॉवरचा संदेश क्षीण येतो. मग फोन तो शोधण्यासाठी जास्त जोर लावतो. लांबच्या माणसाशी बोलताना आपल्याला ओरडावं लागतं ना, तसं. ओरडून ओरडून आपण दमतो आणि फोनची बॅटरी दमते. त्यात सकाळपासून सोनूचे फोटो आणि नकाशा चालूच. बरं, बॅटरी भरणारी ती पॉवर बँक? ती घरी टेबलावर आरामात चार्जिंगला लावलेली होती!

"राहू द्या हो ताई, उतरताना द्या," मावशी म्हणाल्या. एवढ्यात अप्पांनी खिशातून घडी घातलेल्या नोटा काढून त्यांना दिल्या. सोनूची खिल्ली उडवतील असं मला वाटलं होतं, पण ते नुसतं म्हणाले, "चला, ऊन चढायच्या आत दरवाजे गाठू."

माझा फोन परतीसाठी बंद करून पिशवीत ठेवला. आता चौघांत मिळून सोनूचा दमलेला फोन तेवढा उरला.

गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा. लोहगडाला असे एकामागून एक चार दरवाजे आहेत आणि वाट सापासारखी वळत वळत त्यांतून वर जाते. प्रत्येक दरवाजात अप्पा टेकायचे आणि आम्हीही टेकायचो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात हा लोहगडही आहे. वर पोचलो, विंचूकाट्याची ती लांब चिंचोळी सोंड पाहिली, भाकरी-पिठलं खाल्लं. मग अप्पांनी खिशातला फोटो काढला.

"आता ही जागा शोधायची. तीस वर्षं झाली, मला काही नक्की आठवत नाही."

सोनू म्हणाला, "आजोबा, फोनवर काढलेला फोटो असता ना, तर त्यातच जागा आणि वेळ सापडली असती. हा तर नुसता कागद आहे!"

त्याचं म्हणणं खरं आहे. फोनची ती सोय चालू असली तर कुठं आणि किती वाजता फोटो काढला, हे फोटोबरोबर आपोआप नोंदलं जातं. पण मी म्हटलं, "कागदावरही लिहिलंय रे. आपल्याला वाचता येतंय का, ते बघू या."

आणि मग आमचा गुप्तहेरांचा खेळ सुरू झाला.

पहिला धागा चिमूला सापडला. "मागचा डोंगर तोच आहे!" तिनं समोर बोट दाखवलं. तो होता विसापूरचा किल्ला. लोहगडावरून पाहिलं तर तो ईशान्येला, म्हणजे उत्तर आणि पूर्व यांच्या मध्ये येतो. तेव्हा आई विसापूरकडं पाठ करून उभी होती आणि अप्पा विसापूरकडं तोंड करून.

दुसरा धागा, सावली. अप्पांची सावली विसापूरच्या दिशेनं पडली होती. सावली नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते. म्हणजे सूर्य अप्पांच्या पाठीशी, नैर्ऋत्येला होता. "मग फोटो दुपारनंतरचा!" सोनू ओरडला. शाब्बास! शिवाय थंडीत सूर्य दक्षिणेकडं झुकलेला असतो, म्हणूनच दुपारनंतरची सावली अशी ईशान्येकडं जाते. मे महिन्यात ती तशी गेली नसती. म्हणजे मागं तारीख लिहिली नसती, तरी हा फोटो थंडीतला हे सावलीनं सांगितलंच असतं.

तिसरा धागा, सावलीची लांबी. आई फोटोत डोक्यापासून पायापर्यंत मावली आहे, म्हणजे अप्पा दहा-बारा फुटांवर तरी उभे असणार. आणि त्यांची सावली आईच्या पायांना टेकलेली. अप्पांची उंची साडेपाच फूट. म्हणजे सावली उंचीच्या दुपटीहून थोडी अधिक. सूर्य आकाशात बरोबर ४५ अंशांवर असला की सावली आपल्या उंचीएवढी पडते, तो खाली उतरला की सावली लांबत जाते. सोनूनं घड्याळात पाहिलं. सव्वातीन वाजले होते. चिमूनं पाऊल मोजत त्याची सावली मोजली, अजून दुप्पटसुद्धा भरत नव्हती.

"थांबावं लागेल," अप्पा म्हणाले.

विसापूर फोटोतल्यासारखा दिसेल अशी जागा आम्ही हिंडून हिंडून शोधली. तटापासून चांगली आत, एका फुटक्या खडकाजवळ. फोटोत तोच खडक कोपऱ्यात थोडासा दिसत होता. मग आम्ही तिथंच बसलो. पाऊण तास! फोन चालवायचा नाही, चढायचं नाही, उतरायचं नाही. नुसतं सावली लांब होण्याची वाट पाहायची. तुम्ही कधी पाहिलीय अशी वाट?

सोनूला चैन पडेना, म्हणून मी त्याला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट दाखवणारे ते फाळके. त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. महिन्याहून जास्त काळ! त्यातून मिनिटभराची फिल्म झाली, 'अंकुराची वाढ'. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बीचा अंकुर आणि अंकुराचा वेल झाला. आणि फाळक्यांच्याही आधी, २०० वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये निएप्स नावाच्या माणसानं खिडकीतून जो फोटो काढला, त्याला तर कित्येक तास लागले. तेवढ्या वेळात सूर्य इकडून तिकडं गेला, म्हणून त्या फोटोत घरांच्या दोन्ही बाजूंवर ऊन दिसतं.

"बापरे!" सोनू म्हणाला. "मग आपला पाऊण तास काहीच नाही."

आणि मग अप्पा बोलू लागले. त्या दिवशी आईच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो तिनं सेफ्टी पिन लावून जोडला आणि तशीच गड चढली. वर आल्यावर रोलमध्ये एकच फोटो उरला होता. आई म्हणत होती, "तुम्ही उभे राहा, मी काढते." अप्पा म्हणत होते, "तुला यायचं नाही, बिघडेल." शेवटी अप्पांनी काढला आणि त्यांनीच बिघडवला!

आम्ही सगळे खूप हसलो. अप्पाही हसले आणि मग चष्मा पुसत बसले. मी हे कधीच ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं तो फोटो पाहिला, पण त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटांनी चिमू ओरडली, "झाली! दुपटीपेक्षा जास्त झाली!"

सोनूच्या फोनमध्ये चार टक्के बॅटरी होती. म्हणजे एखाद-दुसरा फोटो. सकाळी शेकडो फोटो काढणाऱ्या सोनूनं तो फोन अगदी जपून धरला आणि अप्पांच्या हातात दिला. "आजोबा, तुम्ही काढा. घाई करू नका."

चिमू तिसरीतली, काही बाळ नाही. तरी मी तिला कडेवर घेतलं. सोनू माझ्या शेजारी उभा राहिला. अप्पा समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांची सावली सरळ आमच्या पायांपाशी आली.

"आजोबा, सावली येतेय! दोन पावलं बाजूला सरका," सोनू म्हणाला.

"येऊ दे," अप्पा म्हणाले.

खाट! दुसऱ्या क्षणाला फोनचा पडदा काळा झाला. फोटो निघाला की नाही, कोणालाच कळेना. उजेड असतानाच आम्ही गड उतरलो. संपूर्ण लोकलमध्ये सोनू एकच विचारत होता, "आत्या, आला असेल ना गं?" तीस वर्षांपूर्वी रोल स्टुडिओत देऊन आल्यावर आमच्या घरी सगळे असंच विचारत असतील.

घरी येऊन फोन चार्जिंगला लावला. फोटो आला होता. थोडा तिरका आहे, चिमूचे डोळे मिटलेत. आम्ही त्याची कागदावर प्रत काढून घेतली आणि अल्बममध्ये जुन्या फोटोशेजारी लावली. लावताना चिमूनं अल्बमची सगळी पानं उलटून पाहिली आणि म्हणाली, "आई, आजोबा कुठंच नाहीत गं!" खरंच! सगळ्या अल्बमभर कॅमेरा त्यांच्याच हातात होता. आई आणि अप्पा एकत्र असलेला आमच्या सहलींचा फोटो एकच आहे, तो 'बिघडलेला'.

दोस्तांनो, फोन वाईट आहे असं मी म्हणत नाही. मळवलीची तिकिटं त्यानंच काढून दिली आणि शेवटचे चार टक्के उरले असतानाही त्यानं आम्हाला फोटो दिला. पण सगळंच त्याच्या हवाली केलं, मोजणंही आणि आठवणंही, की तो दमतो तेव्हा आपल्याकडं काहीच उरत नाही. म्हणून आमच्या घरात आम्ही काही नियम केलेत. पटले तर तुम्हीही करा. आईबाबांनाही वाचून दाखवा.

एक, सहलीला फोटो ३६ च. आधी डोळे भरून पाहायचं, मग काढायचा. दोन, फोटो काढताना मागं मागं सरकायचं नाही. गडावर तर कधीच नाही! तीन, घरी आल्यावर त्याच आठवड्यात फोटो दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवायचे, 'उद्या' म्हणायचं नाही. चार, वर्षातले निवडक दहा फोटो कागदावर काढून मागं मऊ पेन्सिलीनं नाव, गाव आणि तारीख लिहायची. पाच, खिशात थोडे पैसे आणि डोक्यात घरचे दोन फोन नंबर पाठ असायलाच हवेत. आणि सहावा नियम सोनूनं घातलाय. प्रत्येक सहलीत एक तरी फोटो असा, की ज्यात नेहमी फोटो काढणारा माणूस असेल.

आता या आठवड्याचा उद्योग. घरातला एक जुना फोटो शोधा. सावल्या बघून तो सकाळचा की संध्याकाळचा, याचा अंदाज करा. मग आजी-आजोबांना किंवा आईबाबांना विचारा, "हा कोणी काढला?" आणि ते सांगू लागले की शांतपणे ऐका. मध्येच उठायचं नाही. काय काय कळलं, ते वहीत लिहून ठेवा.

आम्ही पुढच्या सुट्टीत विसापूरला जाणार आहोत. अप्पांनी आत्ताच सांगून ठेवलंय, या वेळी कॅमेरा चिमूच्या हातात!

तुमच्या,
बाई